आमच्या गोठ्यातली क्रुएल्दाद

वर्गात आम्हाला शब्द बाकांप्रमाणे मिळाले. पहिल्या बाकाला 'धीर', खिडकीजवळच्या बाकाला 'गर्व' आणि आमच्या बाकाला 'क्रूरता'. स्पॅनिशमध्ये क्रूरतेला 'क्रुएल्दाद' म्हणतात. त्यातला शेवटचा 'द' ठासून म्हणायचा नसतो. जिभेचं टोक दातांना जेमतेम टेकवायचं आणि सोडून द्यायचं. मला तो 'द' कधीच सोडता आला नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला तो पहिल्याच वेळी आला. मॅडम म्हणाल्या, "बघा, असं." मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्या पोटात दुखलं. हे दुखणं मला नवीन नव्हतं.

मॅडमनी सांगितलं, "दोघींना एकच शब्द, पण दोघींनी वेगवेगळं बोलायचं. अर्थ काय, कसा वापरतात आणि तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एक उदाहरण. पुस्तकातलं नको, मोबाइलवरचं तर नकोच."

नेहमीचा गृहपाठ असता तर मी एवढी घाबरले नसते. पण या बोलण्यावरून मॅडम एकाची निवड करणार होत्या. दुधाची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीकडे कोलंबियाहून पाहुणे येणार होते. तिकडेही लोक म्हशी पाळतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दोन दिवस त्यांच्याबरोबर दुभाषा म्हणून फिरायचं होतं, आणि मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे काम आवडलं तर कंपनीला पुढे कायमचं माणूस हवं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.ए. झाल्यावर काय, असं गावात कुणी विचारलं की वडील खाली बघत. संध्याकाळचा हा स्पॅनिशचा वर्ग मी का लावला हे मला त्यांना नीट समजावून सांगता आलं नव्हतं. म्हशींबद्दल बोलायला स्पॅनिश येणारं माणूस हवंय, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा ती जागा माझ्यासाठीच तयार झाली आहे असं मला वाटलं. आमच्याकडे दोन म्हशी आहेत. धार मी शाळेपासून काढते.

मैत्रिणीकडे म्हशी नव्हत्या. तिच्या वडिलांचं गुळाचं अडत दुकान. घर जैन, जुनं, शहरातलं. ती वर्गाला स्कूटीवरून यायची आणि मी गडमुडशिंगीहून बसने. पण स्कूटीचा मला हेवा वाटत नव्हता. मला हेवा वाटायचा तो तिला चुकायची भीती वाटत नसे याचा. ती चुकीचं क्रियापद वापरायची, स्वतःच हसायची, दुरुस्त करायची आणि पुढे जायची. मी वाक्य मनात दोनदा जुळवून, तपासून तोंड उघडेपर्यंत मॅडम पुढच्या मुलाकडे वळलेल्या असत. घरी मी 'मी आलो, मी जातो' असं बोलते, आमच्याकडे बायका असंच बोलतात. वर्गात 'मी आले' म्हणताना मला सतत कुणाचे तरी कपडे घालून आल्यासारखं वाटायचं. आणि त्याच्यावर आता स्पॅनिश.

तरी ती माझी मैत्रीण होती, हे आधीच सांगायला हवं. माझी बस चुकली की ती मला स्टँडवर सोडायची. तिच्या नोट्स ती न मागता द्यायची. दुसऱ्याला देऊनही ज्याचं काही कमी होत नाही अशा माणसाबद्दल हेवा वाटणं जास्त अवघड असतं, कारण रागाला धरायला जागा सापडत नाही.

शब्दकोशात 'क्रुएल' शब्दापुढे लिहिलं होतं: दुसऱ्याला दुःख देण्यात आनंद मानणारा, किंवा दुसऱ्याचं दुःख बघून सुखावणारा. क्रुएल्दाद म्हणजे तो स्वभाव आणि तसं एखादं कृत्यही. थंडीला, नशिबालाही क्रूर म्हणता येतं. मुळात तो लॅटिनमधून आलेला, आणि 'कच्चं' या अर्थाचा त्यांचा जो शब्द आहे, 'क्रुदो', त्याच्याच घरातला. म्हणजे न शिजलेलं, रक्त असलेलं. दुष्टपणाला वेगळा शब्द आहे, 'माल्दाद'. हे सगळं मी स्वच्छ अक्षरात उतरून घेतलं. मग 'सुखावणारा'पाशी परत आले. आदल्या आठवड्यात मोठ्याने वाचताना मैत्रीण एका लांब शब्दाला अडखळली होती, सगळे हसले होते आणि मला बरं वाटलं होतं. शब्दकोश मिटून मी चहा करायला उठले.

चुलीपाशी आईला विचारलं, "आई, क्रूर माणसाला आपण काय म्हणतो गं?"

"क्रूर? कोण क्रूर?"

"कोण न्हाई. शब्द हाय."

"निर्दयी म्हण. कसाबाच्या काळजाचा म्हण." तिने भाकरी उलटली. "पर आसलं कशाला शिकवत्यात तुमाला? चांगलं कायतरी शिकवा म्हणावं."

उदाहरण काय द्यायचं ते मला सुचत नव्हतं. खरं तर सुचत होतं, पण ते मी द्यायचं असं मला वाटत नव्हतं. म्हणून मी रस्त्यावरचं कुत्रं घेतलं. गाडीने उडवलेलं आणि न थांबता गेलेली गाडी. ते मी पाहिलं होतं, खोटं नव्हतं. वर्गात मी उभी राहिले, पाठ केलेलं सगळं बरोबर म्हटलं आणि बसले. मॅडम म्हणाल्या, "शुद्ध आहे. छान." मॅडमना एखादी गोष्ट खरंच आवडली की त्या छान म्हणत नाहीत, गप्प बसतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मग मैत्रीण उठली. तिने कागद घेतला नव्हता.

सुरुवात तिने तिच्या घरातून केली. त्यांच्याकडे पाणी गाळून पितात, गाळलेल्या फडक्यातले जीवही जपून परत पाण्यात सोडतात, त्यामुळे क्रूरता म्हणजे दुसरीकडे कुठेतरी असणारी गोष्ट असं लहानपणी तिला वाटायचं, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "काही दिवसांपूर्वी मी एका घरी गेले होते. ते लोक फार प्रेमळ आहेत." पुढचं वाक्य यायच्या आधीच मला ते कळलं होतं.

ती आमच्याकडे अभ्यासाला आली होती, शब्द मिळायच्या आधीच्या रविवारी. आईने तिला सकाळी लावलेलं कवडी दही दिलं. तिने वाटी चाटूनपुसून संपवली आणि आईने पुन्हा वाढलं तेव्हा नाही म्हटलं नाही. मग संध्याकाळी धारेची वेळ झाली आणि मी तिला गोठ्यात नेलं. आमच्या थोरल्या म्हशीचं रेडकू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत मेलं होतं. रेडकू समोर नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, आचळात दूध असून धार येत नाही. म्हणून मेलेल्या रेडकाचं कातडं सोलवून घेतात, मीठ लावून वाळवतात, आत भाताचं पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, भरून शिवतात आणि धारेच्या वेळी म्हशीपुढे ठेवतात. म्हैस त्याला हुंगते, चाटते आणि पान्हावते. आमच्याकडे त्याला वेगळं नाव नाही, रेडकूच म्हणतो. "रेडकू आन गं," आई म्हणाली की मी ते खुंटीवरून काढून आणते. त्याचे पाय काठ्यांचे. एका बाजूची शिवण सुटली आहे, तिथून पिंजर दिसतं.

मी ते आणून ठेवलं तेव्हा मैत्रीण दारातच थांबली. म्हैस चाटायला लागली. आई धार काढत होती, बादलीत आवाज येत होता.

मैत्रिणीने विचारलं, "काकू, तिला कळत नाही का?"

"कळतंय की," आई म्हणाली. "जनावर हाय म्हणून काय कळत न्हाई व्हय? वास घेतीया न्हवं. पर चाटतीया. आता आपुन काय करणार?"

"दुसरा काही उपाय?"

"इंजेक्शन देत्यात लोक. गपकन पान्हा सोडतीया. मला न्हाई जमत ते. सुई बघितली की डोळं कसं करतीया ती."

जाताना मैत्रिणीचे डोळे लाल होते. मला वाटलं, गोठ्यातल्या धुराने असेल. डासांसाठी आम्ही शेणी पेटवतो.

आणि आता ती हेच वर्गात सांगत होती, स्पॅनिशमध्ये. 'चाटणं', 'पिंजर', 'आचळ' हे शब्द तिने कुठून शोधून काढले होते कोण जाणे. मला ते येत नव्हते. आमच्या गोठ्यातली प्रत्येक वस्तू तिला त्या भाषेत माहीत होती आणि मला नाही. बोलता बोलता ती थांबली, शब्द सापडत नाही म्हणून थांबली असेल किंवा रडू येतंय म्हणून, आणि मग म्हणाली की क्रूरता करणाऱ्याला आनंद होतोच असं नाही, तिने पाहिली ती क्रूरता मायेच्या हाताने केलेली होती, आणि त्या घरातल्या कुणालाच तो शब्द लागू होत नव्हता.

मॅडम गप्प बसल्या होत्या.

वर्गात म्हशी कुणाकडे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या डब्यातलं दही सगळ्यांनी खाल्लं होतं. पुढच्या बाकावरच्या कागलच्या मुलाने वळून माझ्याकडे बघितलं. मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

जिन्यात ती माझ्या मागे आली. "अगं थांब की. रागावलीस? मी नाव नाही घेतलं कुणाचं."

"नाव कशाला घ्यायला पायजे?"

"मला तेवढंच खरं आठवलं. मॅडमच म्हणाल्या ना, डोळ्यांनी पाहिलेलं."

"डोळ्यांनी बघितलंस. तोंडानं दही पण खाल्लंस की. दोन वाट्या."

ती एकदम पांढरी पडली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं बस येईपर्यंत टिकलं.

खरं कारण दह्याचं नव्हतंच. तिने आमच्या घराला क्रूर म्हटलं याचाही राग मला आला होता, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. ते उदाहरण माझं होतं. ते माझ्या खुंटीवर टांगलेलं होतं. मी लाजून कुत्र्यामागे लपले आणि ती सरळ माझ्या गोठ्यात शिरून ते घेऊन गेली, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलली.

निवड तिची झाली. मॅडमनी मला वेगळं बोलावून सांगितलं, "तुझं व्याकरण तिच्यापेक्षा पक्कं आहे, पण तू बोलताना घाबरतेस. दुभाष्याने घाबरून चालत नाही." मी "हो मॅडम" म्हटलं. कागलच्या मुलाने मला नवीन नाव ठेवलं होतं. "काय क्रुएल्दाद, जेवलीस का?" असं तो जिन्यात मोठ्याने विचारायचा. त्यात वाईट हेतू नव्हता, आमच्याकडे नाव ठेवल्याशिवाय कुणाचं कुणाशी जमत नाही. मी एकदा म्हटलं, "जेवलो. तुझ्या वाटचं पण जेवलो." सगळे हसले. मैत्रीण हसली नाही. ती मुलाला म्हणाली, "पुरे आता." तिने माझी बाजू घेतलेली मला सगळ्यात जास्त टोचली.

मग तिचा फोन आला. पाहुण्यांना दाखवायला मोठे गोठे ठरले होते, पण त्यांना एखादं साधं घर बघायचं होतं, एकदोन म्हशींचं, जिथे बाई स्वतः धार काढते असं. "तुमच्याकडे आणू का? काकूंना विचार. आणि तुला चालत असेल तरच." शेवटचं वाक्य ती हळू बोलली.

मला चालत नव्हतं. पण आईने ऐकलं होतं. "आन की! इतक्या लांबनं पावणं आल्यात, आन आपुन नको म्हणायचं? चहा काय, जेवूनच जाऊ देत."

दुसऱ्या दिवशी आईने गोठा धुतला, अंगण सारवलं, म्हशींची शिंगं तेल लावून चकचकीत केली. मी खुंटीकडे बघत होते.

"आई, रेडकू आत ठेवू का? पावणं जाईपर्यंत."

"का?"

"उगंच. त्यांना कसं वाटंल."

"धारंच्या टायमालाच येणार हाईत न्हवं? मग म्हस दूध कशी दील? लाथ मारंल, आन मग पावण्यांच्या म्होरं शोभा." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "कोण काय म्हणालंय का तुला?"

"न्हाई."

गाडी आली. कंपनीचा एक माणूस, दोन पुरुष पाहुणे आणि एक बाई. बाई साठीच्या असतील, उन्हाने रापलेल्या, हात आईच्या हातांसारखे जाड. त्यांच्या शेजारी मैत्रीण, गळ्यात ओळखपत्र, केस वर बांधलेले. ती आमच्या अंगणात उभी राहून आमचं घर त्यांना समजावून सांगायला लागली. इथे चूल, इथे पाण्याची टाकी, या काकू. माझ्याकडे हात करून ती म्हणाली, "आणि ही माझी मैत्रीण, यांची मुलगी." पाहुण्यांनी मान हलवली. मी चहा आणला. माझ्याच घरात मी कप घेऊन उभी होते आणि ती त्या भाषेत बोलत होती जी मलाही येते, हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. सांगावं तर कसं सांगायचं? चहाचे कप देता देता मी अचानक स्पॅनिशमध्ये बोलायला लागले असते तर ते मलाच हास्यास्पद वाटलं असतं.

गोठ्यात आई म्हणाली, "रेडकू आन गं." मी आणलं.

मी वाट बघत होते. ती आता तो शब्द म्हणेल, आमच्या गोठ्यात, आईच्या समोर, आईला न कळणाऱ्या भाषेत. वर्गात म्हणाली तसा, तो 'द' अलगद सोडून. मला वाटतं, तिने म्हणावा असंच मला वाटत होतं. म्हणजे मला तिचा राग करायला मोकळीक मिळाली असती.

पाहुण्या बाई रेडकाजवळ खाली बसल्या. त्यांनी सुटलेल्या शिवणीला बोट लावलं, म्हशीच्या तोंडाकडे बघितलं. मैत्रीण म्हणाली, "ही इथली पद्धत आहे." 'कोस्तुम्ब्रे' हा साधा शब्द तिने वापरला. पद्धत, रीत. तेवढंच. क्रुएल्दाद नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. वर्गात टाळ्या मिळवायला एक शब्द आणि इथे चहा प्यायला दुसरा, असं माझ्या मनात आलं. नंतर मी पुष्कळदा विचार केला, तिने दुसरं काय करायला हवं होतं? पण त्या वेळी माझ्या मनात आलं ते हेच होतं.

बाईंनी विचारलं, रेडकू कशाने मेलं?

मैत्रिणीने आईला विचारलं, "काकू, रेडकू कशामुळे गेलं होतं?"

"कशानं म्हणजे? रेडा हुता." आईचे हात थांबले नाहीत. "रेडी असती तर एक सड राखला असता तिला प्यायला. रेड्याला कोण पाजतंय? पुरतं दूध पाजलं न्हाई. पाजलं असतं तर जगला असता की."

आई असं बोलते. तिने ते लपवलंही नाही आणि त्यात मिरवलंही नाही. गावात ज्याच्या त्याच्या गोठ्यात हेच आहे आणि कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून सांगायची वेळ येत नाही एवढंच. त्या दिवशी विचारलं, म्हणून तिने सांगितलं.

मैत्रिणीने आईकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे वळली आणि म्हणाली, "एस्ताबा एन्फेर्मो." आजारी होतं.

गोठ्यात दोन्ही भाषा येणारी तिच्याशिवाय मी एकटीच होते. तिने खोटं सांगितलं हे फक्त तिला आणि मला माहीत होतं. ती आईला सांभाळत होती, मला सांभाळत होती, बहुतेक वर्गातल्या त्या बोलण्याची भरपाई करत होती. हे सगळं मला तेव्हाही कळलं, खोटं कशाला बोलू. आणि तरी मी म्हणाले,

"नो."

सगळे वळले. "एरा माचो. नो ले दिमोस बास्तान्ते लेचे." नर होतं. आम्ही त्याला पुरेसं दूध दिलं नाही.

वाक्य मी मनात जुळवलं नव्हतं. ते तसंच बाहेर आलं. 'आईने दिलं नाही' असं मी म्हणू शकले असते, पण तोंडातून 'आम्ही' आलं, आणि ते बरोबरच होतं. सकाळची धार माझ्याकडे असते.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "या." स्पॅनिशमध्ये हा एवढासा शब्द आहे. कळलं असाही त्याचा अर्थ होतो, झालं असाही होतो, आणि पुरे असाही. त्यातला कोणता, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कोण?"

"मुलगी," मी म्हटलं. "मलाही येतं थोडं."

त्यानंतर त्या माझ्याशीच बोलू लागल्या. रोज किती वेळा धार, खाद्य काय, म्हैस रागीट आहे का, वैरणीत उसाचं वाडं घालता का. मी अडखळत, चुकत सांगत होते. 'आचळ' म्हणताना मी बोटाने दाखवलं. मैत्रीण एक पाऊल मागे सरकली होती. तिने ओळखपत्र हातात धरलं होतं आणि त्याची दोरी बोटाला गुंडाळत होती. एकदा माझा शब्द अडला तेव्हा तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

आई म्हणाली, "काय सांगिटलंस गं तू त्यास्नी?"

"तू म्हणालीस तेच."

"मग ही का गप झाली?"

मैत्रीणच म्हणाली, "काही नाही काकू. तिला माझ्यापेक्षा चांगलं सांगता आलं." यात टोमणा होता का, हे मी अजून शोधते आहे. तिला टोमणे मारता येत नाहीत, हा तर तिचा सगळ्यात मोठा दोष.

गाडीकडे जाताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "मी तुमच्यासाठी म्हणाले होते ते."

"माहीत हाय."

"मग?"

खरं सांगायचं होतं म्हणून मी बोलले, की तिच्या तोंडातला घास काढायचा होता म्हणून? खरं बोलण्यासाठी मला तिला सगळ्यांसमोर खोटं पाडावं लागलं, आणि त्यातलं दुसरं मला जास्त गोड लागलं नसेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही. शब्दकोशात ज्याला 'सुखावणारा' म्हटलं आहे तो माणूस कसा दिसत असेल, असं वर्गासाठी वाचताना माझ्या मनात आलं होतं. तो बहुधा खरंच बोलत असेल.

कंपनीचा माणूस गाडीचं दार उघडताना म्हणाला, "ताई, उद्या तुम्ही पण या की. दोघी असला तर बरं पडंल."

मी मैत्रिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "ये की." रागाने नाही, लोभानेही नाही.

मी गेले. दुसरा दिवस कागलच्या बाजूला होता, एका मोठ्या गोठ्यावर. तिथे मला कळलं की आमच्या गोठ्यात मला बोलता आलं ते आमचा गोठा होता म्हणून. इथे आकडे होते, यंत्रांची नावं होती, आणि ते वेगाने बोलत होते. मी दर दोन वाक्यांनी अडत होते. मैत्रीण माझ्या मागे उभी राहून हळूच शब्द पुरवत होती, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, आणि मी तो शब्द माझाच असल्यासारखा मोठ्याने म्हणत होते. प्रत्येक शब्दागणिक मला तिचे उपकार घेतल्यासारखं वाटत होतं आणि प्रत्येक शब्द मी घेत होते.

दुपारी जेवायला बसलो. त्या घरच्या बाईंनी ताटात मिरचीचा खर्डा वाढला. पाहुण्या बाईंनी भाकरीबरोबर तो भाजीसारखा मोठा घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चेहरा लाल झाला, त्यांनी छातीवर हात ठेवला आणि हसत हसत म्हणाल्या, "के क्रुएल्दाद!" काय हा छळ, म्हणतो ना आपण, तसं. सगळे हसले. मैत्रिणीने आणि मी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनीही लगेच नजर काढून घेतली. तो शब्द खऱ्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला तो असा, मिरचीबद्दल. शेवटचा 'द' तर बाईंनी म्हटलाच नाही, पार गिळून टाकला. त्यांनी गोठ्यात तो वापरला असता तर कसा वापरला असता, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. मी विचारलं नाही. मैत्रिणीने विचारलं असतं, पण तिनेही विचारलं नाही.

कंपनीने पुढे कुणाला घ्यायचं ते अजून ठरलेलं नाही. दोघींनाही कळवू म्हणाले आहेत. आम्ही अजून एकाच बाकावर बसतो. फोन वाजला की मी आधी तिच्या फोनकडे बघते, आणि मग माझ्या.

त्या दिवशी परत येताना मागच्या सीटवर बाई मध्ये बसल्या होत्या, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. उन्हं उतरली होती. महामार्गाला लागल्यावर बाईंना झोप लागली आणि त्यांचं डोकं हलू लागलं, कधी इकडे, कधी तिकडे. मी माझा खांदा थोडा पुढे केला, त्यांना टेकता यावं असा, आणि पाठ ताठ धरून बसले. उजळाईवाडीच्या अलीकडे गाडीने वळण घेतलं आणि बाईंचं डोकं अलगद कलंडून मैत्रिणीच्या खांद्यावर गेलं. तिने काही केलं नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती. बाईंचं डोकं कोल्हापूर येईपर्यंत तिथेच राहिलं, आणि मी खांदा तसाच पुढे धरून बसले होते.